इंग्रजीतल्या स्क्रीम, शाउट, येल, श्रीक, हाउल या शब्दांना जर्मनमध्ये नेमके प्रतिशब्द कोणते? तक्ता मिळेल का?

तक्ते ढिगाने मिळतील, कामाचा एकही नाही. पण तुम्ही लिहिलंय की जर्मनची बी-टू पातळी झालीय आणि आता सबटायटलची कामं घ्यायची आहेत, म्हणून लिहिते. या तक्त्यापायी मी एकेकाळी बरीच डोकेफोड केली आहे.

पुण्यात एका सबटायटलिंग कंपनीत मी इंग्रजीवरून जर्मन करायचे, कर्णबधिर प्रेक्षकांसाठीची. त्यात संवादांबरोबर आवाजही लिहावे लागतात. दार करकरलं, कुत्रं गुरगुरलं, कोणी किंचाळलं, सगळं चौकटी कंसात. आमच्या वरिष्ठ सरांनी त्यासाठी शब्दसूची केली होती. शाउट म्हणजे रूफन, स्क्रीम म्हणजे श्रायन, येल म्हणजे ब्र्युलन, श्रीक म्हणजे क्राइशन, हाउल म्हणजे हॉइलन, क्राय म्हणजे वाइनन. एकास एक. सूचीबाहेरचा शब्द दिसला की फाइल परत.

एकदा प्रसूतीचा प्रसंग आला. पडद्यावर नुसता बंद दरवाजा आणि बाहेर येरझारा घालणारा बाप. आत स्टीलचा ट्रे खणकतो, जरा वेळ काहीच नाही, आणि मग ट्यांहां. इंग्रजी फाइलीत ‘बेबी क्राइंग’. मी लिहिलं, ‘बेबी श्राइट’. फाइल परत, वर लाल शेरा: ‘श्रायन म्हणजे किंचाळणे. बाळाला कोणी चिमटा काढलाय का?’

मी जाऊन भांडले. जन्मल्याबरोबर बाळ जो आवाज काढतं त्याला जर्मनमध्ये पहिला ‘श्राय’च म्हणतात, लहान पोरालाही माहीत असतं. आपल्याकडे सुईणीपासून आजीपर्यंत सगळ्या ‘बाळ लगेच रडलं का?’ असंच विचारतात, इंग्रजीतही क्रायच, त्यामुळे सरांचा कान तिकडे गेला हे मी समजू शकते. पण जर्मन माणसाला वाइनन म्हटलं की डोळ्यांतलं पाणी दिसतं, आणि नवजात बाळाला अश्रू कुठले? ते काही आठवड्यांनी येतात. दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त आणि असं ३ आठवड्यांहून जास्त रडणाऱ्या बाळाला तिथले डॉक्टर ‘श्रायबेबी’ म्हणतात. त्याच्या मेटाकुटीला आलेल्या आईबापांसाठी जी ओपीडी असते ती ‘श्रायआम्बुलान्स’. सरांच्या सूचीप्रमाणे तिचं नाव वाइनआम्बुलान्स झालं असतं, आणि तिथे बाळाऐवजी बापालाच दाखल करावं लागलं असतं.

शेवटी माझी ओळ ग्राहकाकडे गेली आणि एक शब्दही न बदलता पास झाली. सर म्हणाले, ‘त्यांनी बघितलं नसेल.’ यावर काय बोलणार?

तर तुमचा प्रश्न. आवाज किती मोठा आहे ते नंतर बघा. आधी बघा कोण ओरडतंय आणि कोणाकडे. जर्मन क्रियापद पुष्कळदा त्यावर ठरतं. इंग्रजीत ‘शाउट टू’ आणि ‘शाउट अॅट’ यांत एका चिमुकल्या शब्दाचा फरक, जर्मनमध्ये सगळं क्रियापदच बदलतं. गॅलरीतून कोणाला काही ओरडून सांगितलं तर त्सूरूफन, अंगावर ओरडलं तर आनश्रायन, आणि साहेब खेकसला तर आनश्नाउत्सन. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. हाक मारणं, अंगावर ओरडणं, खेकसणं हे आपण कधी एका टोपलीत टाकत नाही. इंग्रजीकडे बघण्याआधी मराठीत काय म्हटलं असतं ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. (सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले होते, ‘मराठीचा इथे काय संबंध?’ असो.)

हाउलमध्ये हमखास फसाल. लांडगा, वारा आणि भोंगा हॉइलन करतात, तिथे डोळे मिटून लिहा. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी ११ वाजता जर्मनीभर इशाऱ्याचे भोंगे वाजवून बघतात, त्या खालीवर होणाऱ्या आवाजाचं नावच हॉइलटोन. पण माणूस हॉइलन करतो तेव्हा तो सहसा रडत असतो, आपण भोकाड पसरणं म्हणतो तसं. पायावर हातोडा पडलेल्या सुताराला नुसतं हॉइलन लावलंत तर बिचारा भोकाड पसरून रडतोय असं वाटेल. तिथे आउफहॉइलन (एकदम कळवळून ओरडणं) किंवा सरळ ब्र्युलन. आणि इंग्रजीतलं हाउलर माकड जर्मनमध्ये ब्र्युलआफं, म्हणजे सिंहाच्या डरकाळीचं क्रियापद माकडाला.

प्यायलेले फुटबॉलवाले ग्र्योलन करतात, गायकाला बघून पोरी क्राइशन करतात, गाडीचे ब्रेक क्वीचन करतात, काच क्लिरन करते. ‘स्क्रीम ब्लू मर्डर’ आलं तर ‘त्सेटर उंड मोर्डियो’. ही पूर्वी गुन्हा घडल्यावर मदतीला बोलावण्याची खरीखुरी आरोळी होती, आता तिचा सूर आपल्या ‘बोंब मारणे’च्या जवळ गेलाय.

कॉमिक्सचं काम मिळालं तर नियम वेगळे. १९५१ पासून डोनाल्ड डकच्या गोष्टी जर्मनमध्ये आणणाऱ्या एरिका फुक्स बाईंनी क्रियापदांचं शेपूट कापून नुसतं धड ठेवायची पद्धत रुळवली: श्लुख्त्स, एख्त्स, क्राइश. म्हणजे हुंदका, कण्हणं, किंचाळी. लोक आता चॅटवर तसंच लिहितात. जर्मनीतल्या श्वार्त्सेनबाख गावात बाईंच्या नावाने संग्रहालय आहे. सूची करणाऱ्याच्या नावाने संग्रहालय निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. थोडं मोठं झालेलं बाळ हळू आवाजात रडत असेल तर वाइनन बिनधास्त चालतं, माझं भांडण प्रसूतीच्या खोलीपुरतं होतं. आणि व्हिडिओ गेमची फाइल आली, ज्यात कोण ओरडतंय हेच कळत नाही, तर श्रायन टाका आणि सोबत ग्राहकाला प्रश्न पाठवा. सूची पाळायची असं करारातच असेल तर पाळा, पण तुमचा शब्द शेऱ्यात लिहून ठेवा, तारखेसकट.