जोडीदार नाही, वर्षभराचाच सराव आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या स्कॉटिश कंट्री डान्सच्या (जोड्यांनी मिळून करायच्या स्कॉटिश समूहनाचाच्या) उन्हाळी शाळेत जावं का?

जा. पुढच्या वर्षाची वाट बघू नका, जागा मिळत असेल तर याच उन्हाळ्यात जा.

तुम्ही लिहिलंय की लीड्समध्ये वर्षभर आठवड्यातून एकदा क्लासला जाता, नवऱ्याला यात रस नाही, नाच आणि त्यांच्या आकृत्या (म्हणजे फिरण्याचे ठरलेले मार्ग) डोक्यात राहत नाहीत, आणि तरीही कधीतरी हे शिकवता यावं असं मनात आहे. मी इथे इंग्लंडमध्येच एका छोट्या क्लासला शिकवते आणि सेंट अँड्र्यूजला शिकायलाही जाऊन आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोडीदाराची काळजी पहिल्या संध्याकाळीच मिटेल. या नाचात जोडीदार एका नाचापुरता असतो. नाच संपला की एकमेकांना वाकून आभार मानायचे आणि पुढच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. बाईने पुरुषाला विचारणं, बाईने बाईला विचारणं, ऐंशीच्या आजोबांनी विशीतल्या मुलीला विचारणं, सगळं रोजचंच. चार जोड्यांचा एक सेट होतो, पुरुष एका रांगेत आणि बायका समोरच्या रांगेत. पण पुरुष बहुतेक ठिकाणी कमी पडतात, म्हणून बायका सर्रास पुरुषांच्या रांगेत उभ्या राहतात. तुम्हीही आतापासून दोन्ही रांगांमधून नाचायची सवय करा. शिकवायचं मनात असेल तर ती लागेलच, कारण शिक्षकाला सेटमधल्या आठही जागांवरून नाच कसा दिसतो ते ठाऊक असावं लागतं.

आता लक्षात न राहण्याबद्दल. हजारो नाच लिहिले गेले आहेत आणि दरवर्षी नव्याने लिहिले जातात. ते पाठ करण्याच्या मागे कुणीच लागत नाही. पाठ करायची असते ती आकृत्यांची एक बेताची शिदोरी: तीन जणांची रील (एकमेकांभोवती आठच्या इंग्रजी आकड्यात फिरणं), राइट्स अँड लेफ्ट्स, पुसेट, आलमांड, हँड्स अक्रॉस, कास्ट ऑफ, कॉर्नरला (आपल्या कर्णात उभ्या असलेल्या माणसाला) सेट करून (त्याच्यासमोर जागेवरच पावलं टाकून) फिरणं. आणि त्याहून महत्त्वाचं, ज्या संगीतावर हे उभं आहे त्याची मोजणी अंगात मुरवायची असते. बार म्हणजे संगीतातल्या मात्रांचा एक छोटा गट. बहुतेक नाच ३२ बारचे, म्हणजे आठ-आठ बारचे चार तुकडे. ‘ड्यूक ऑफ पर्थ’ घ्या, तुमच्या क्लासात झालाच असेल. पहिल्या आठ बारमध्ये पहिली जोडी उजव्या हाताने फिरते, एक जागा खाली (वादकांपासून लांब) उतरते आणि डाव्या हाताने फिरून आपापल्या पहिल्या कॉर्नरकडे तोंड करते. दुसऱ्या आठमध्ये पहिला कॉर्नर, जोडीदार, दुसरा कॉर्नर, पुन्हा जोडीदार, असं एकेकाचा हात धरून फिरणं. तिसऱ्या आठमध्ये दोन्ही कॉर्नरना सेट करून फिरणं. शेवटच्या आठमध्ये दोन्ही बाजूंना तिघा-तिघांच्या रील. असे चार कप्पे केले की नाच आपोआप डोक्यात बसतो, आणि पियानोवर सूर बदलला की पुढचा कप्पा उघडायची वेळ झाली हे कान सांगतात.

माझ्या मते उन्हाळी शाळेत शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे: आठ बारच्या शेवटी बरोबर आपल्या जागेवर पोहोचणं. आधी नाही, नंतर नाही. रील किंवा जिग या जलद चालींमध्ये (चालीलाही रीलच म्हणतात) आठ बार म्हणजे जेमतेम आठ-नऊ सेकंद. स्ट्रॅथस्पे या संथ चालीत जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो, आणि म्हणूनच तो जास्त अवघड, कारण तो सगळा वेळ भरून काढावा लागतो. नवशिक्या माणसाला वाटतं आपण मागे पडतोय, म्हणून तो धावतो. चार बारचा रस्ता तीन बारमध्ये उरकतो आणि मग एक बार ताटकळत उभा राहतो. आपल्याकडच्या गोफात एकाने घाई केली की सगळी वीण बिघडते, तसंच इथे सातही जणांचं बिघडतं. चांगली शिक्षिका ‘सावकाश’ असं सांगत नाही. ती वळण मोठं घ्यायला लावते, पाऊल लांब टाकायला लावते, म्हणजे तेवढंच अंतर पुऱ्या चार बारला पुरतं.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट: चुकलात तर काय करायचं. सुटलेली आकृती पकडायला धावायचं नाही. या आठ बारच्या शेवटी मी कुठे असायला हवं होतं, एवढंच आठवायचं, तिथे जाऊन उभं राहायचं आणि पुढची आकृती सगळ्यांबरोबर सुरू करायची. बाकीचे सात जण नजरेने, पुढे केलेल्या हाताने तुम्हाला सांगत असतात. खेचाखेची करणाऱ्याला इथे कुणी चांगला नाचणारा म्हणत नाही.

सकाळचे वर्ग पावलांनी सुरू होतात आणि त्यात बराच वेळ जातो. तुम्हाला आधी थोडं कंटाळवाणं वाटेल, पण टिकून राहा. पा-द-बास्क हे जागेवरचं पाऊल बहुतेक जण वर्षभर ‘उडी आणि दोन ठोके’ एवढंच करत असतात. इथे ते उलगडून दाखवतात: उजव्या पायावर हलकी उडी, डाव्या पायाची टाच उजव्याच्या कमानीपाशी आणून चवड्यावर भार, मग उजव्याचा ठोका आणि त्याच क्षणी डावा पाय पुढे ताणलेला, जमिनीलगत. हे सगळं एका बारमध्ये. स्किप चेंज या पुढे जायच्या पावलात आधी पायाने उचल घ्यायची आणि मग पुढे जायचं. ती उचल बारच्या किंचित आधी येते, आणि ती कळली की अंग हलकं होतं. पिंडऱ्या दोन दिवस दुखतील, तिसऱ्या दिवसापासून बरं वाटेल.

आणि हे सगळं जिवंत संगीतावर. वर्गात पियानो किंवा अकॉर्डियन वाजवणारा माणूस असतो, संध्याकाळच्या नाचांना बँड. स्थानिक क्लासात आपण फोनवरचं रेकॉर्डिंग लावतो, त्यामुळे हा फरक तिथे गेल्याशिवाय कळत नाही. वादक पावलांकडे बघून वाजवतो. पाय जड पडायला लागले की तो ठोका असा उचलतो की तुम्ही आपसूक उडता. यंगर हॉलमध्ये शंभराहून जास्त माणसं सेटमध्ये उभी आहेत, पहिला कॉर्ड वाजला, सगळे एकदम वाकले, यासाठी माणसं जपानपासून कॅनडापर्यंतून येतात आणि पुन्हा पुन्हा येतात.

ती येऊन लगेच एकमेकांबरोबर नाचू शकतात, यामागे इतिहास आहे. १९२३ साली ग्लासगोमध्ये स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी स्थापन झाली. त्यामागे दोन बायका होत्या. इसोबेल स्ट्युअर्ट गर्ल गाइड्सच्या कामात होत्या आणि मुलींना आपल्या मातीतले नाच शिकवावेत असं त्यांना वाटत होतं. जीन मिलिगन ग्लासगोच्या जॉर्डनहिल ट्रेनिंग कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत. जुन्या वह्या, छापील संग्रह आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून नाच गोळा करून १९२४ पासून ते छापले गेले. १९२७ साली सेंट अँड्र्यूजला सोसायटीची पहिली उन्हाळी शाळा भरली. १९५१ साली संस्थेच्या नावापुढे ‘रॉयल’ लागलं. मिलिगनबाई १९७८ साली गेल्या. आज जी पावलं जगभर एकाच पद्धतीने शिकवली जातात, त्यांवर त्यांच्या शिकवण्याचा ठसा आहे.

यावर एक आक्षेप तुमच्या कानावर येईल: गावातल्या मोकळ्या नाचाला या लोकांनी बॅलेची शिस्त लावली आणि त्याचा रांगडेपणा घालवला. त्यात तथ्य आहे, वेगवेगळ्या गावांच्या वेगवेगळ्या तऱ्हा या एकसारखेपणात मागे पडल्या. तरीही मी शाळेच्या बाजूने आहे. वेलिंग्टनहून आलेली बाई आणि टोकियोहून आलेला माणूस एक शब्द न बोलता एका सेटमध्ये नाचू शकतात, ही सोय शिस्तीशिवाय झाली नसती. रांगडेपणा हवा असेल तर स्कॉटलंडभर ‘केली’ (ceilidh) नावाच्या मोकळ्या नाचगाण्याच्या मैफली होतात, तिथे जा. दोन्हींचा आनंद घेता येतो.

आता तुमची तिसरी शंका, शिकवण्याची. सोसायटीचं शिक्षकांसाठीचं प्रमाणपत्र पाच टप्प्यांचं आहे. त्यात लेखी परीक्षा आहे, स्वतः नाचून दाखवायचं आहे, आणि परीक्षकांसमोर खऱ्याखुऱ्या वर्गाला शिकवायचं आहे. उन्हाळी शाळेत या परीक्षार्थींचे वेगळे वर्ग असतात आणि त्यांना शिकवायला विद्यार्थी लागतात. एखाद्या दुपारी तिथे विद्यार्थी म्हणून उभं राहायची संधी मिळाली तर नक्की घ्या. शिकवण्याचे बारकावे तिथे जितके उघडे दिसतात तितके कुठेच दिसत नाहीत. कुणी बोलत राहतं आणि उभ्या वर्गाचे पाय थंड पडतात. कुणी दोन वाक्यांत आकृती सांगतं, एका सेटकडून चालवून दाखवतं, लगेच वादकाकडे वळून ‘रील, आठ बार’ म्हणतं, ‘रेडी, अँड’ म्हणतं आणि वर्ग नाचायला लागतो. या दोघांपैकी दुसऱ्याकडून वर्ग पटकन शिकतो. सूचना कधी द्यायची हीसुद्धा कलाच आहे: आकृती सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही, आधीच्या बारमध्ये, एका शब्दात सांगावी लागते.

कारण सांगणारे शिक्षक मला सगळ्यात आवडतात. ‘रील ऑफ द ५१स्ट डिव्हिजन’ शिकवताना कर्णरेषेत चौघांची रांग करायला लावतात आणि ती नेहमी वाकडी होते. मग कुणी शिक्षक थांबून सांगतात की हा नाच १९४० साली फ्रान्समध्ये पकडल्या गेलेल्या हायलँड डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनी जर्मनीतल्या लाउफेनच्या युद्धकैद्यांच्या छावणीत रचला, आणि त्या दोन कर्णरेषा मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस होतो, त्यांच्या देशाची, स्कॉटलंडची खूण. एवढं ऐकल्यावर मी पाहिलेल्या प्रत्येक वर्गाची रांग सरळ झाली आहे. मी माझ्या क्लासातही आकृतीबरोबर तिचं कारण सांगते, ते याच शाळेतून उचललेलं आहे.

परीक्षेची घाई मात्र करू नका. आधी एक-दोन उन्हाळे फक्त नाचणारी म्हणून जा. दरम्यान तुमच्या क्लासच्या शिक्षिकेला विचारून नव्या लोकांना एखादी आकृती समजावून देण्याचं काम मागून घ्या. त्या नाही म्हणणार नाहीत, बहुतेक क्लासांना मदतीच्या हातांची गरजच असते.

अर्ज करताना नाचण्याची पातळी विचारतात. दोन पातळ्यांमध्ये मन अडकलं तर खालची लिहा. वरच्या वर्गात आकृत्या माहीत आहेत असं धरून चालतात आणि पावलांकडे लक्ष द्यायला तुम्हाला उसंत मिळणार नाही. संपूर्ण आठवडा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून करा, बाहेर खोली घेऊ नका. नाचानंतर चहाच्या कपाभोवती होणाऱ्या गप्पांत वर्गाइतकंच शिकायला मिळतं. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरायचं आणि तिथून बस. गिली, म्हणजे ते बिनटाचेचे मऊ, नाडीचे चामडी बूट, अजून घेतले नसतील तर जायच्या महिनाभर आधी घ्या आणि लीड्सच्याच क्लासात वापरून मऊ करा. नवे बूट घालून सकाळी वर्ग आणि रात्री नाच केलात तर मंगळवारपर्यंत पायाला फोड येतील. संध्याकाळी सेट लागत असताना रांगेत नेहमी खालच्या टोकाला जाऊन उभं राहा, मध्ये किंवा वर शिरू नका, कारण वरून जोड्या मोजत येतात. आणि पहिल्या रात्री कुणी विचारायची वाट न बघता तुम्हीच कुणाला तरी विचारा.