वाचक विचारतात : तेच डंजन, तोच बॉस आणि दर महिन्याचे पैसे

किनारपट्टीवरून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच दुखणं आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचे (ज्यात हजारो जण एकाच जगात आपापलं पात्र घेऊन खेळतात) पैसे दरमहा जातात आणि खेळायला बसलं की कंटाळा येतो. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दीड वर्ष वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतोय. बागेतली कामं आटपून रात्री नऊला बसतो आणि पहिला तास त्याच त्या वर्ल्ड क्वेस्टमध्ये, म्हणजे नकाशावरच्या छोट्या कामांत, जातो. मजा अजिबात येत नाही, पण एक दिवस चुकला तर मागे पडेन असं वाटतं. काय करावं? (देवगड)

उत्तर : ही भीती तुम्ही मनाने उभी केलेली नाही, ती खेळाच्या बांधणीतच आहे. नवा भाग करायला स्टुडिओला कित्येक महिने लागतात आणि नेटाने खेळणारे तो थोड्याच दिवसांत संपवतात. मधल्या काळात दरमहा 14.99 डॉलर भरणारा माणूस टिकला पाहिजे, म्हणून रोजची आणि आठवड्याची कामं लावून दिलेली असतात. 2016 च्या लीजन या नव्या भागातली आर्टिफॅक्ट पॉवर आणि 2018 च्या बॅटल फॉर अझरॉथमधलं अझेराइट हा त्याचा कळस होता. जितके तास घालाल तितकी ताकद वाढायची, म्हणजे चुकलेला दिवस खरोखरच अंगावर यायचा. खेळाडू वैतागले ते यामुळेच. 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये ते ओझं उतरवलं गेलं, पण सवय मात्र लोकांच्या अंगात राहून गेली आहे.

आता ग्रेट व्हॉल्टचा, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसांच्या पेटीचा, हिशोब नीट बघा. आठवड्यात 1 मिथिक प्लस डंजन (मोजक्या जणांनी मिळून ठरलेल्या वेळेत जिंकायचा राक्षसांचा तळ) केलं की एक पर्याय उघडतो, 4 केली की दुसरा, 8 केली की तिसरा. मिळते मात्र एकच वस्तू. शिवाय पहिल्या पर्यायाचा दर्जा तुमच्या त्या आठवड्यातल्या सर्वांत अवघड डंजनवर ठरतो. म्हणजे एक डंजन चांगलं जमवलंत तर मुख्य फायदा पदरात पडला. उरलेली सात डंजनं निवड वाढवण्यासाठी. आवडीने केलीत तर उत्तम, नाही केलीत तर काही बिघडत नाही. नवा सीझन (काही महिन्यांचं पर्व) लागला की जुन्या सीझनचं सामान तसंही मागे पडतं.

एक आठवडा वही जवळ ठेवा. प्रत्येक कामापुढे किती मिनिटं गेली ते लिहा आणि त्यापुढे एकच खूण करा: बक्षीस नसतं तरी हे केलं असतं का? ज्यांच्यापुढे सातही दिवस ‘नाही’ आलं ती कामं पुढचे दोन आठवडे बंद. बहुतेकांच्या वहीत पहिली जातात ती वर्ल्ड क्वेस्टच.

दुसरं पात्र वाढवत असाल तर त्याला सरायीत ठेवून लॉगआउट करा. दर 8 तासांना लेव्हलचा 5 टक्के विश्रांती-बोनस साठतो, कमाल दीड लेव्हलपर्यंत. त्या बोनसमध्ये राक्षस मारून मिळणारा अनुभव दुप्पट होतो. ही सोय मुळात उलटी होती. 2004 मध्ये गेम बाहेर येण्याआधीच्या चाचणीत जास्त वेळ खेळणाऱ्याचा अनुभव निम्मा व्हायचा, त्यावर ओरड झाली. मग तीच आकडेमोड बोनस म्हणून मांडली आणि लोक खूश झाले. इथे खेळापासून लांब राहण्याचंच बक्षीस आहे, ते घ्यावं.

प्रश्न : वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या जुन्या रेडमधल्या (मोठ्या गटासाठीच्या डंजनमधल्या) एका सवारीसाठी, म्हणजे बसून फिरायच्या प्राण्यासाठी, शंभर वेळा तोच बॉस (तिथला मुख्य राक्षस) मारला. मिळण्याची शक्यता 1 टक्का म्हणतात, मग अजून का मिळत नाही? (वेंगुर्ला)

उत्तर : 1 टक्का म्हणजे शंभराव्या वेळी हमखास, असं नव्हे. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं, आधीच्या खेपा जमेस धरल्या जात नाहीत. शंभर खेपांनंतर मिळालेली असण्याची शक्यता सुमारे 63 टक्के. म्हणजे शंभर जणांतले 37 रिकाम्या हातांनी बसलेले असतात. तीनशे खेपांनंतरही 5 टक्के लोकांना ती मिळालेली नसते. आणि एका पात्राला आठवड्यातून एकच खेप असेल तर शंभर खेपांना जवळजवळ दोन वर्षं लागतात.

चार पात्रांनी केलंत तर 25 आठवडे, पण कंटाळाही चौपट. तरी करायचंच असेल तर चारही पात्रं रेडच्या दारातच लॉगआउट करून ठेवा, म्हणजे दर आठवड्याचा प्रवास वाचतो. केवळ या सवारीसाठी महिन्याचे पैसे भरत असाल तर मात्र आम्ही थांबा असंच सांगू.

प्रश्न : आमची बोट आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा वेळच वेळ असतो. या दोन महिन्यांपुरता गेम कोणता आणि पैसे कसे भरावेत? वीज तर सारखी जाते. (मालवण)

उत्तर : फायनल फँटसी 14 ची मोफत आवृत्ती घ्या. लेव्हल 70 पर्यंत, स्टॉर्मब्लड या जोडभागासकट, मुदतीशिवाय खेळता येते. दोन महिन्यांत ती संपणं कठीण. बाजारातली खरेदी-विक्री आणि गिल्डचं (खेळाडूंच्या गटाचं) सदस्यत्व मिळत नाही आणि 3 लाखांच्या वर गिल (गेममधलं चलन) साठत नाही, पण तिथवरची कथा पूर्ण मिळते. मात्र एकदा पूर्ण गेम विकत घेतला की त्या खात्यावर मोफत आवृत्ती परत मिळत नाही, म्हणून सवलत दिसली तरी घाई करू नका. लेव्हल 50 च्या पुढचा मूळ कथेचा टप्पा लांबतो. तिथे बरेच जण सोडतात. तेव्हा पात्राचं काम (योद्धा, वैद्य असा पेशा) बदलून पाहा, एकाच पात्राला सगळी कामं शिकता येतात.

रोजचं ड्यूटी रूलेट (गेम स्वतःच एखादं डंजन नेमून देतो ते काम) आपल्याकडे रात्री 8:30 ला नव्याने सुरू होतं. एक साडेआठच्या आधी, एक नंतर असं केलंत तर एकाच बैठकीत दोन दिवसांचं काम होतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी.

विजेसाठी आधी राउटर आणि इंटरनेटच्या फायबरचा डबा दोन्ही मिनी यूपीएसवर (वीज गेली तरी चालू ठेवणाऱ्या छोट्या बॅटरीवर) घ्या. कॉम्प्युटरला यूपीएस आणि डबा मात्र थेट भिंतीला, ही नेहमीची चूक. मग स्क्रीन चालू राहते आणि गेम तुटतो. दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचूनच यूपीएस घ्या, 9 आणि 12 व्होल्टची गल्लत झाली तर डबा चालणार नाही किंवा जळेल.

पुढे पैसे भरायची वेळ आली तर एकेका महिन्याचे भरा. आपोआप कापून घेण्याची परवानगी दिलेली असली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान 24 तास बँकेचा संदेश येतो. त्यातून ते थांबवता येतं. दर्यावर जायच्या आधी हे करून ठेवा.

प्रश्न : फायनल फँटसी 14 मध्ये माझं घर आहे. खेळत नाही, तरी घर जाईल म्हणून दरमहा भरतो. (गुहागर)

उत्तर : दरमहा भरायची गरज नाही. मालकाने 45 दिवस घरात पाऊल टाकलं नाही तरच घर पाडलं जातं. 30 दिवसांच्या वर्गणीच्या अखेरच्या दिवशी घरात जाऊन या, मग 44 दिवस बंद ठेवा आणि पुन्हा भरा. अशाने सुमारे 74 दिवसांत 30 दिवसांचेच पैसे जातात. नुसतं लॉगिन पुरत नाही, दार उघडून आत जावं लागतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं की ती हमखास विसरते.