स्कूबा रेग्युलेटरची सर्व्हिसिंग घरच्या घरी करता येते का? ओ-रिंगांना कोणतं ग्रीस लावायचं?

करता येते, मी करतो. पण तुम्ही लिहिलंय की सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणि ओ-रिंगांचा (गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) संच आणून ठेवलाय, आता फक्त उघडायचं बाकी आहे. तिथेच जरा थांबा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल इतक्या दाबाने देणारं यंत्र, उघडून परत जोडणं फार अवघड नाही. जोडून झाल्यावर तो खरंच नीट चालतोय का, हे ठरवणं अवघड आहे, आणि ते मोजल्याशिवाय ठरत नाही. म्हणून पहिली खरेदी इंटरमीडिएट प्रेशर गेजची. ते हातात नसेल तर फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या भागाला, पाना लावू नका.

सिलिंडरमधला २०० बार किंवा त्याहून जास्त दाब फर्स्ट स्टेज खाली आणते, तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतका. हा इंटरमीडिएट प्रेशर. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. गेज बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला जोडायचं, मात्र त्या वेळी निदान एक सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) फर्स्ट स्टेजला लावलेली असलीच पाहिजे. हाय प्रेशर सीट (फर्स्ट स्टेजमध्ये हवा अडवणारी गादी) नीट बसली नसेल तर सिलिंडरचा सगळा दाब कमी दाबाच्या होजमध्ये शिरतो. बहुतेक सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह डाउनस्ट्रीम असतो, म्हणजे मागून दाब वाढला की तो आपणहून उघडून हवा सोडून देतो. सेकंड स्टेज नसेल तर तो दाब होज किंवा गेज फोडून बाहेर येईल. त्यामुळे पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं) दाबून धरायचं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, आणि गेजची काच तोंडासमोर ठेवायची नाही.

आता पर्ज चार-पाच वेळा दाबून सोडा. काटा खाली जाऊन झटकन परत आला पाहिजे आणि एका आकड्यावर थांबला पाहिजे. थांबायच्या आधी किंचित वर सरकला तर हरकत नाही. पण पाच-दहा मिनिटं बघत बसल्यावरही तो चढतच असेल तर त्याला क्रीप म्हणतात, आणि त्याचा अर्थ सीट किंवा तिला टेकणारी धार खराब झालीय. ही तपासणी उघडण्याच्या आधीसुद्धा करा आणि आकडे लिहून ठेवा. दाब लावलेला पूर्ण संच पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात तेही बघा. काटा स्थिर, कुठे बुडबुडा नाही, श्वास हलका, आणि मॅन्युअलमधली मुदतही संपलेली नाही, असं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: उघडू नका. चांगल्या चालणाऱ्या रेग्युलेटरमध्ये बिघाड शिरण्याची हमखास वेळ म्हणजे नुकतीच झालेली सर्व्हिसिंग.

ग्रीसबद्दल. साध्या हवेवर डाइव्ह करणाऱ्याच्या नायट्राइल किंवा ईपीडीएम (दोन्ही कृत्रिम रबर) ओ-रिंगांना शुद्ध सिलिकॉन ग्रीस चालतं. पण सेकंड स्टेजचा डायफ्रॅम (पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप) बहुधा सिलिकॉन रबराचे असतात आणि सिलिकॉन ग्रीसने सिलिकॉन रबर फुगतं. तिथे काहीच लावायचं नसतं. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली श्वासाची हवा) किंवा ऑक्सिजनशी संबंध येणार असेल तर सिलिकॉन बाजूलाच ठेवा. जास्त दाबाच्या, जास्त ऑक्सिजन असलेल्या वायूत ते पेट घेऊ शकतं. त्यासाठी परफ्लुओरिनेटेड ग्रीस मिळतं: क्रिस्टो-ल्यूब, ट्रायबोल्यूब, क्रायटॉक्स. महाग असतं, पण लागतं इतकं थोडं की एक छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते. मी सगळीकडे हेच वापरतो, म्हणजे कुठे काय लावलं होतं हे आठवत बसावं लागत नाही. मात्र नुसतं ग्रीस बदलून रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी योग्य होत नाही. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर प्रत्येक भाग ऑक्सिजनसाठी ठरवलेल्या पद्धतीने स्वच्छ केलेला लागतो, आणि ते काम मी घरी करत नाही.

व्हॅसलिन, मशीन ऑइल किंवा गंज सोडवायचे स्प्रे यांतलं काही नको. नायट्राइल ते सहन करतं, ईपीडीएम फुगतं, आणि दोन्ही ओ-रिंगा काळ्याच असल्यामुळे नुसत्या बघून ओळखता येत नाहीत.

किती लावायचं? ओ-रिंग ओलसर चमकली की पुरे. ग्रीसचा थर दिसत असेल तर पुसून टाका, कारण त्याला वाळू आणि मीठ चिकटतं. पिस्टनवरच्या, म्हणजे हलणाऱ्या ओ-रिंगांना ग्रीसची खरी गरज. जागच्या जागी बसणाऱ्यांना ते फक्त बसवताना पीळ पडू नये एवढ्यापुरतं. हाय प्रेशर आणि लो प्रेशर (सेकंड स्टेजमधल्या) सीटना अजिबात नाही.

जुनी ओ-रिंग काढायला स्टीलची सुई किंवा दाभण वापरू नका, पितळेची किंवा प्लास्टिकची काडी घ्या. खाचेत एक ओरखडा पडला की तिथली गळती कितीही नव्या ओ-रिंगा घातल्या तरी थांबत नाही. पिस्टन प्रकारची फर्स्ट स्टेज असेल तर पिस्टनच्या टोकाची धार सीटवर बसून हवा अडवते. तो धारेवर उभा ठेवू नका, त्याला कशाचा टोलाही लागू देऊ नका. काढलेल्या ओ-रिंगा आणि सीट परत घालायच्या नाहीत, सगळ्या नव्या. त्याही त्या मॉडेलच्या किटमधल्या, कारण माप सारखं असलं तरी हाय प्रेशरच्या जागी जास्त कठीण रबराची रिंग लागते. इथे घोडं अडतं. बरेच उत्पादक किट आणि मॅन्युअल फक्त प्रशिक्षित टेक्निशियनलाच देतात. तुमच्या मॉडेलचं किट सरळ मार्गाने मिळत नसेल तर फर्स्ट स्टेज सर्व्हिस सेंटरला द्या. जवळपास बसणाऱ्या रिंगा जमवत बसू नका.

पितळेच्या भागांवरचं हिरवं काढायला पांढरं व्हिनेगर निम्म्या कोमट पाण्यात मिसळून काही मिनिटं पुरतं. जास्त वेळ ठेवलं तर क्रोमचा मुलामा जातो, आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकायचेच नाहीत. नंतर गोड्या पाण्यात भरपूर विसळा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या.

सेकंड स्टेजवर नवख्याने हात बसवायला हरकत नाही, कारण तिची परीक्षा घरी सहज होते. फर्स्ट स्टेजच्या तोंडाला डस्ट कॅप (टोपण) लावून, दाब नसताना माऊथपीसमधून हवा ओढा. जराही आत आली तर डायफ्रॅम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा माऊथपीसचा पट्टा कुठेतरी नीट बसलेला नाही. पाण्याखाली याच वाटेने तोंडात पाणी येतं. मग दाब लावून, माऊथपीस वर ठेवून ती बादलीत हळूहळू बुडवा. डायफ्रॅम पाण्याच्या पातळीखाली साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर गेल्यावर हवा सुटली तर जुळणी ठीक. त्याआधीच सुटत असेल तर रेग्युलेटरमधून पाण्यात विनाकारण हवा वाहत सुटेल, बरीच नंतर सुटली तर श्वास जड लागेल. ही जुळणी इंटरमीडिएट प्रेशर पक्का झाल्यावरच करायची. नवी सीट थोडी दबून बसते, त्यामुळे तो आकडा दुसऱ्या दिवशी आणि पहिल्या काही डाइव्हनंतर परत बघा. आणि पहिली डाइव्ह उथळ पाण्यातच, सोबत्यासह.

उघडायचं की नाही हे अजून ठरत नसेल तर फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला फिल्टर टॉर्च लावून बघा. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय आणि गेज काहीही सांगो, आतली सफाई हवीच. काळा असेल तर ज्या कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरता त्याच्या फिल्टरची चौकशी करा. तांबूस असेल तर स्टीलच्या एखाद्या सिलिंडरमध्ये आतून गंज आहे. तो सिलिंडर तपासून घेईपर्यंत नवं किट घालू नका.