वाचायलास लई, पण थांबायलास कुठं?

भावा, तू लिहिलंस की दिवसभर मोबाईलवर काही ना काही वाचणं चालूच असतंय पण पुस्तक धरलं की चौथ्या पानावर मन उठतंय, आणि डोकं कमी झालं का म्हणून विचारायलास. डोकं कमी नाही झालं रे. उड्या मारायची सवय लागलीय त्याला, आणि ती तू रोज घोटून पक्की करायलास.

लातुरात अभ्यासिकेत होतो तेव्हा माझंही हेच. समोर राज्यघटना उघडी, बाजूला मोबाईल पालथा, दर दहा मिनिटाला हात तिकडंच, एक बातमी बघायची, मग तिच्या खालची, मग कुणाची तरी भांडणं, आणि परत कलम 32 वर आलं की परिच्छेद पहिल्यापासून. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 ला हेच मांडलंय, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडं गेलं की थोडं लक्ष मागंच चिकटून राहतंय. त्यात स्क्रोल संपतच नाही. पुस्तकात प्रकरण संपलं की दम घ्यायला जागा असते, इथं ती जागाच काढून टाकलीय.

माझी आजी दुसरी शिकलेली. गावात सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायची, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवस, मधी उठणं नाही. एखादी ओवी कळली नाही तर म्हणायची, पुढच्या साली कळंल. मला वाटतं आपलं खरं हेच गेलंय. मोबाईलवर कळलं नाही की अंगठा पुढं, न कळलेल्यापाशी बसून राहायची ताकदच राहिली नाही. (आणि ही पोथी शुद्ध मिळाली ती संत एकनाथांमुळं, शके 1506 ला म्हणजे 1584 ला त्यांनी जुन्या प्रती ताडून पाठ नीट केला. एकेक शब्दापाशी किती थांबले असतील!)

तू एवढं कर. मोबाईल पालथा नको, दुसऱ्या खोलीत ठेव. वीस मिनिटं वाच, पुस्तक मिटव आणि काय वाचलं ते न बघता वहीत लिही, नाहीतर घरात कुणालातरी सांग. सांगता नाही आलं तर तेच पान परत. सुरुवातीला लई कंटाळा येईल, येऊ दे, उठू नको. मला वीस मिनिटांवरून दीड तासावर यायला अडीच महिने लागले.

कुठलं पुस्तक धरलंस आणि कुठं अडकलास ते लिही, तिथूनच बघू.