तीन भाकरी उसन्या

प्रिय मुला,

सप्रेम जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी तू जे विचारलेस त्याचे उत्तर मला उभ्याउभ्या देता आले नाही, कारण एका हातात कप होता आणि दुसऱ्या बाजूने महिला मंडळाच्या हिशेबाची वही पुढे येत होती. तू म्हणालास की रोज रात्री सोसायटीतल्या लोकांसाठी प्रार्थना करतोस, पण ‘प्रभू, माझ्या शेजाऱ्यांना आशीर्वाद दे’ एवढे म्हटले की पुढे शब्दच सुचत नाहीत. आणि सकाळी लिफ्टमध्ये तेच शेजारी भेटले की तू मोबाइलमध्ये डोके घालतोस. हे शेवटचे तू हसत सांगितलेस, पण दुखणे तिथेच आहे असे मला वाटते.

तू ज्यांच्यासाठी प्रार्थना करतोस त्यांची नावे तुला ठाऊक नाहीत. ‘शेजारी’ हा शब्द घाऊक आहे. घाऊक शब्दाने प्रार्थना केली की ती अर्ध्या मिनिटात आटोपते आणि मनाला ओरखडाही उठत नाही. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा गुरुवार पेठेतले भाड्याचे घर सोडून वडगाव शेरीच्या या इमारतीत आले. पेठेत असताना कोणाच्या घरी आज कोणती भाजी शिजते हे वासावरून कळत असे. इथे सोळा बिऱ्हाडे आणि सोळा बंद दारे. मी दोनशे पानी वही घेतली, एकेका बिऱ्हाडाला चार पाने दिली आणि दारावरच्या पाट्या पाहून आडनावे लिहून काढली. आडनावांच्या पलीकडे मला काहीही लिहिता येईना. सोळापैकी अकरा घरांची पाने तीन महिने कोरी होती. तुला सांगते, त्या कोऱ्या पानांइतके मला कोणत्याही प्रवचनाने शरमवले नाही.

आता माझी एक चूक सांगते. मी सहसा ती कोणाला सांगत नाही. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर रोज पहाटे पाच वाजता कोणी तरी खलबत्त्यात काही कुटत असे. ठक, ठक, ठक, मग थोडी उसंत, पुन्हा ठक, ठक. नेमकी ती माझ्या वचन वाचण्याची आणि प्रार्थनेची वेळ. मी त्या घरासाठी नियमाने प्रार्थना केली, आणि ती अशी की, प्रभू, यांना सद्बुद्धी दे. दीड वर्ष मी हे म्हणत होते आणि त्या दीड वर्षात एकदाही वरचा जिना चढले नव्हते. अठरा पायऱ्या. शेवटी चढले ती प्रेमापोटी नव्हे, तर नळाचे पाणी माझ्या छतातून झिरपू लागले म्हणून, म्हणजे तक्रार घेऊनच चढले. दार उघडले ते सत्तरी उलटलेल्या काकांनी. आत पलंगावर त्यांची पत्नी, अंगाची एक बाजू लुळी पडलेली, तोंडात एकही दात नाही. तिला जन्मभर पहाटे उठल्याबरोबर विड्याची सवय, आणि आता चावता येत नाही, म्हणून काका पान, सुपारी, कात, चुना सगळे खलबत्त्यात बारीक कुटून चमच्याने तिच्या तोंडात घालत होते. तेवढे झाल्यावर ती दिवसभर त्रास देत नाही, असे ते म्हणाले, आणि मग लगेच माझी क्षमा मागू लागले की ताई, तुम्हाला आवाज जातो का?

नाही हो, म्हटले मी. खोटे बोलले, ते पाप मी आनंदाने माझ्या खात्यावर मांडून घेतले आहे. त्या दिवसापासून वहीतली त्यांची चार पाने मला पुरली नाहीत. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत असे झाले नाही, उलट कुठे थांबावे हा प्रश्न पडू लागला: काकांचे गुडघे, रात्रपाळीच्या बाईचे सारखे खाडे, अमेरिकेतला मुलगा, त्यांच्या पत्नीच्या पाठीवरची जखम. सकाळी ठक, ठक सुरू झाले की आता तीच माझी घंटा झाली.

म्हणून म्हणते, शब्द प्रार्थनेच्या खोलीत बसून शोधू नकोस, ते जिन्यावर सापडतात.

लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा काढून वाच. एक शिष्य म्हणतो, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. प्रभू त्यांना ‘हे आमच्या बापा’ शिकवतो आणि त्याला जोडूनच एक गोष्ट सांगतो. मध्यरात्री एक माणूस मित्राचे दार ठोठावतो आणि तीन भाकरी मागतो. आपण या गोष्टीतून नेहमी चिकाटीचा धडा घेतो आणि तो आहेच. पण त्या भाकरी तो मागतो कोणासाठी? स्वतःसाठी नव्हे. त्याच्या घरी अवेळी पाहुणा आला आहे आणि त्याच्यापुढे वाढायला घरात काही नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे याहून नेमके चित्र मला शास्त्रात दुसरे दिसत नाही: दारी भुकेला माणूस आहे, माझ्या दुरडीत काही नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याचे दार मी वाजवत आहे. हेही पाहा की हा माणूस आधी पाहुण्याला घरात घेतो आणि मग भाकरी मागायला निघतो. ज्याच्या घरात कोणी आलेच नाही, त्याला मध्यरात्री भाकरी मागायचे कारणच पडत नाही. तुझे शब्द का संपतात, ते यावरून ताडून पाहा.

आपल्या मराठी शास्त्रात तो माणूस भाकरी ‘उसन्या’ मागतो. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा असे. वाटीभर साखर उसनी, दोन कांदे उसने, विरजणाला चमचाभर दही. परत करायचे म्हणून घ्यायचे आणि परत करायला गेले की पुन्हा बसायचे. या शब्दावरून तुला एक सल्ला देते. तो ऐकून तू चमकशील: शेजाऱ्यांना काही द्यायच्या आधी त्यांच्याकडे काही माग. आपण ख्रिस्ती माणसे द्यायला उत्सुक असतो, घ्यायला मात्र आपल्याला संकोच वाटतो, आणि जो फक्त देतो तो नकळत एक पायरी वर उभा राहतो. प्रभूने याकोबाच्या विहिरीवर शमरोनी बाईशी बोलणे सुरू केले ते ‘मला प्यायला पाणी दे’ असे म्हणून. तू एकटा राहतोस, स्वयंपाक शिकतो आहेस. आमटीत चिंच किती घालायची हे समोरच्या काकूंना जाऊन विचार. इस्त्रीवाला कोण बरा, गॅसची टाकी कोणाकडून लवकर मिळते, हे खालच्या मजल्यावर विचार. त्यांनी वाटीत काही दिले तर घे, आणि वाटी रिकामी परत करू नकोस. हा नियम तुझ्या आईनेही तुला शिकवला असेल. नाताळाच्या करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट घेऊन वर्षातून एकदाच दारात उभे राहण्यापेक्षा अशा चार वाट्यांची ये-जा मला अधिक मोलाची वाटते. ताट नेऊ नये असे मात्र मी म्हणत नाही.

तू मुंढव्यात राहतोस म्हणून आणखी एक गोष्ट. 1897 साली पुण्यात प्लेग होता. तेव्हा मुंढव्याच्या वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. तू रोज मगरपट्ट्याकडे जातोस तोच हा परिसर. शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण, आणि प्रभू त्याला ज्याची गोष्ट सांगतो तो ना याजक, ना लेवी. ज्याच्याशी यहूदी संबंध ठेवत नसत असा शमरोनी आहे, आणि तो जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. सावित्रीबाई आपल्या मंडळीतल्या नव्हत्या. शेजारधर्म ही ख्रिस्ती लोकांची मिरास आहे अशी तुझी समजूत होऊ लागली, तर मुंढव्याच्या पुलावरून जाताना हे आठवत जा. तू सोसायटीत प्रेम शिकवायला गेलेला नाहीस. कदाचित शिकायला गेला आहेस.

तुझा दुसरा प्रश्न अवघड आहे: मी ख्रिस्ती आहे आणि यांच्यासाठी प्रार्थना करतो हे कळले तर ते संशय घेतील का? काही जण घेतील. या शहराला तो संशय जुना आहे आणि त्याची कारणेही तू जाणून घ्यावीस. 1890 साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायल्याच्या कारणावरून रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. एका कपाची किंमत एवढी होती. त्याच वर्षी, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची त्यांची निवासी शाळा, मुंबईहून पुण्याला आले. धर्माचे शिक्षण देणार नाही असा त्यांचा शब्द होता. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लोटलेले नसे, मुली आपण होऊन येऊन बसत, आणि 1893 मध्ये त्यावरून एवढे वादळ उठले की अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर माझी श्रद्धा आहे; केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गेले की आजही माझा आवाज आपोआप खाली येतो. तरीही त्या पालकांची भीती मला निव्वळ वेडगळ वाटत नाही. आपल्या मुलीला कोणी आपल्याकडून तोडील ही भीती कोणत्याही आईबापाची असते.

म्हणून तुझ्या प्रेमाला गळ लावू नकोस. काकूंना दवाखान्यात नेलेस तर दवाखान्यातच ने, वाटेत धर्मप्रचाराची पत्रिका काढू नकोस. त्या मंडळीत येवोत वा न येवोत, तुझे जाणे-येणे तेच राहिले पाहिजे, आणि त्या येणार नाहीत हे पक्के कळल्यावर तुझा पाय मागे पडला तर आधीचे सगळे आमिष होते असे त्या म्हणतील, आणि त्यांचे खरे असेल. मात्र कोणी विचारले तर लपवू नकोस. ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का’ असे साधे विचारावे. आमच्या वरच्या काकांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, करा की, मी पण तुमच्यासाठी रोज रामरक्षेत मागतो. दीड वर्ष मी त्यांना सद्बुद्धी मागत होते आणि ते माझ्यासाठी काय मागत होते हे विचारायचे धैर्य मला अजून झालेले नाही.

गणपतीच्या वर्गणीबद्दल तू विचारलेस. मंडळीत यावर दोन मते आहेत आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसे आहेत. मी सोसायटीच्या रक्तदान शिबिराचा आणि मुलांच्या स्पर्धांच्या बक्षिसांचा खर्च उचलते, आरतीच्या वेळी माझ्या घरी असते आणि हे दोन्ही मी समितीला वर्गणीचे पुस्तक फिरण्याआधीच सांगून ठेवते. दार वाजल्यावर आत दडून बसणे एवढे मात्र करू नकोस.

अजून एक. तुमच्या तरुण संघाच्या प्रार्थनासभेत विनंत्या मागतात तेव्हा शेजाऱ्यांच्या घरातल्या गोष्टी तिथे मांडू नकोस. ‘आमच्या शेजारच्या ताईंच्या संसारासाठी प्रार्थना करा, त्यांचा नवरा पितो’ हे बोलणे डोळे मिटून केले तरी चहाडीच असते. मी हे बायकांच्या गृहप्रार्थनांमध्ये इतके ऐकले आहे की आता कोणी ‘विनंती आहे’ म्हणताना आवाज बारीक केला की मला धडकीच भरते. विश्वासाने कळलेली गोष्ट तुझ्या वहीत राहू दे, आणि ती वहीसुद्धा कपाटात.

आणि पार्किंगच्या जागेवरून तुझ्याशी भांडणारा तो शेजारी. तुझ्या गाडीची हवा काढणाऱ्यासाठी प्रार्थना करताना दात-ओठ खाल्ले जातात, हे तू खरे सांगितलेस ते मला आवडले. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा असे प्रभू म्हणतो तेव्हा वैरी हा शब्द ऐकून आपल्याला कोणी तलवारवाला दिसतो. बहुतेकांच्या वाट्याला येतो तो असा दुचाकीवाला. त्याच्याबद्दल गोड वाटेपर्यंत थांबू नकोस, रागातच त्याचे नाव घे. जागेचा तंटा मात्र समितीपुढे लेखी मांड. प्रीती करायची म्हणून जागा सोडून द्यायची असे कोठेही लिहिलेले नाही. आणि त्याच्याकडे लहान मूल आहे का, म्हातारे कोणी आहे का, तो रात्री किती वाजता घरी येतो, हे वॉचमनकाकांना विचार. आमच्या शाळेत जो पालक सगळ्यांत भांडखोर, तोच चौकशी केल्यावर बहुधा सर्वांत थकलेला निघायचा.

सगळ्या इमारतीचा भार घेऊ नकोस. तुझ्या मजल्यावर चार दारे आहेत, त्यांतले एक तुझे. उरलेल्या तीन घरांतल्या माणसांची नावे, लहान मुलांसकट, येत्या रविवारपर्यंत मला सांग. चिठ्ठीवर लिहून नको, तोंडपाठ. आणि चिंचेचे उत्तर काय मिळाले तेही. माझा स्टीलचा डबा तुझ्याकडे जानेवारीपासून आहे, तो आठवणीने आण.

तुझी,
मावशी