सगळं गणित भोकाचं

ताई, पाच कोंबड्यांना पाणी पाजायला कोणतं भांडं घेऊ, असं विचारलंत, पण विकतचं भांडं कशाला? तेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन साबणाने धुऊन पसरट थाळ्यात उभा करा. भोक कॅनच्या तळाजवळ, पण थाळ्याच्या काठापेक्षा अर्धा इंच खालीच पाडा. भोक काठाच्या वर गेलं की पाणी वाहतच राहतं. माझा पहिला कॅन रात्रीत रिकामा झाला होता. भोक बोटाने दाबून कॅन भरा आणि झाकण घट्ट लावा, वरून हवा शिरता कामा नये. थाळा विटांवर, कोंबडीच्या पाठीइतका उंच ठेवा, म्हणजे उकरलेली माती पडत नाही. ठाण्यातल्या मे महिन्यात एकेक कोंबडी अर्धा लिटर पिते, तेव्हा सावली हवीच. आणि पिल्लं असतील तर थाळ्यात गोटे नक्की टाका, इवलीशी पिल्लं तेवढ्याशा पाण्यातही बुडतात.