प्रत्येक रेष म्हणजे फॉल्ट नाही हो!

प्रश्न: सर, माझ्याकडे पीएचडीची दोन मुलं आहेत, विषय अ‍ॅक्टिव्ह टेक्टॉनिक्स, म्हणजे जमिनीच्या कवचाच्या अजून चालू असलेल्या हालचाली. सॅटेलाइट इमेजवर सरळ रेष दिसली की लगेच फॉल्ट (जिथे खडक तुटून सरकलाय अशी भेग) म्हणून मोकळे! यांना कसं शिकवू?

उत्तर: आधी लॅपटॉप बंद करायला लावा आणि त्यांना फील्डवर न्या. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत), जॉइंट (खडक न सरकता पडलेली भेग), जुना गाडीरस्ता, सगळंच वरून रेषेसारखं दिसतं, आणि काळ्या मातीला तर उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की नवख्याला भूकंपाच्याच वाटाव्यात (मीही फसलोय एकदा, गाइड पोट धरून हसले होते). ट्रेंच (फॉल्टवर आडवा खणलेला चर) बघायला मिळाला तर भिंतीवर एक-एक मीटरची दोऱ्याची ग्रिड बांधून दोघांना वेगवेगळं, हातानं लॉग (थरांचं मोजून काढलेलं चित्र) काढू द्या, मग अदलाबदल करून भांडू द्या, तुम्ही मधे बोलू नका. थर कुठे तुटलाय आणि कुठला थर त्यावर अखंड पसरलाय एवढं दिसलं की भूकंप कोणत्या दोन थरांच्या मधला ते कळतं, आणि डेटिंगला (वय काढायला) कोळशाचा तुकडा कुठून उचलायचा तेही.

किल्लारीच्या भूकंपाचं अवश्य सांगा, 30 सप्टेंबर 1993, 6.2 तीव्रता, आणि तो भाग तोवर स्थिर समजला जायचा.